कोपीतले मूल कोणत्या खात्याचे?

दसरा उलटला की बीड, जालना, धाराशिव, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कित्येक गावे ओस पडू लागतात. ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांवर संसार लादून लाखो माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांकडे आणि सीमेपलीकडे बेळगावकडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या वहीत नवराबायकोची मिळून एकच नोंद असते. तिला 'कोयता' म्हणतात. कोयत्यापुढे उचलीची रक्कम मांडलेली असते. परंतु त्या कोयत्याबरोबर भांड्याकुंड्यांच्या पोत्यांवर बसून निघालेले दोन वर्षांचे मूल वहीत कोठेच नसते. कारखान्याच्या लेखी ऊस तोडणारा मजूरच कारखान्याचा नाही, तेव्हा त्याच्या मुलाची गोष्टच नको. गावच्या अंगणवाडीतील पटावर त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो, आणि पुढचे पाचसहा महिने ते मूल कोणाचेच राहत नाही.

या मुलासाठी यंत्रणा नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या गावात अंगणवाडी सेविका आहे, आशा कार्यकर्ती आहे, उपकेंद्रातील परिचारिका आहे, शिक्षक आहे, ग्रामपंचायतीची बाल संरक्षण समिती आहे. ज्या गावच्या शिवारात त्याची कोपी उभी राहते, तेथेही हेच सारे पद, याच नावांनी, भरलेले आहेत. शिवाय साखर आयुक्तालय आहे, कामगार विभाग आहे, सामाजिक न्याय विभाग आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत स्वयंसेवी संस्था आहेत. एका मुलाभोवती इतक्या यंत्रणांचे कडे असताना ते मूल त्या कड्याच्या बाहेर कसे पडते, हा या घडीचा प्रश्न आहे. त्याचे सरकारी उत्तर ठरलेले असते: समन्वय वाढविला पाहिजे. मग एक शासननिर्णय निघतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसते, तीन महिन्यांनी बैठक भरते आणि इतिवृत्तात 'संबंधितांना सूचना देण्यात आल्या' हे वाक्य येते. हंगाम तोवर अर्धा संपलेला असतो.

समन्वयाची कल्पना मुळात खोटी नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून जी योजना सुरू झाली तिच्या नावातच 'एकात्मिक' हा शब्द घातलेला होता, आणि तो शोभेसाठी नव्हता. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचे पोषण व आरोग्यविषयक शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या सहा सेवा एका ठिकाणी, एकाच मुलाला मिळाव्यात, अशी ती आखणी होती. या सहांपैकी लसीकरण, तपासणी आणि संदर्भसेवा या तीन आरोग्य खात्याने द्यावयाच्या. म्हणजे अंगणवाडी ही जन्मापासूनच दोन खात्यांच्या सहकार्यावर उभी आहे. मूल घरी आहे, आई घरी आहे, गाव जागचे हलत नाही, हे गृहीत धरल्यास ही आखणी चांगली चालते. महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक अंगणवाड्यांनी जे काम केले त्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. पण जे कुटुंब पोटासाठी वर्षातून सहा महिने जिल्हा सोडते, त्याच्यासाठी हे गृहीतच कोसळते. आणि सर्वांत अधिक गरज नेमकी त्याच कुटुंबाला असते.

अडचणी या कुटुंबाकडे एकेकट्या येत नाहीत. उन्हाळ्यात घरात दाणा नसतो म्हणून मुकादमाकडून उचल घेतली जाते. उचल फेडायची तर नवराबायको दोघे लागतात. एकट्या गड्याला मुकादम नेत नाही, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकतात. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवावे तर घरात कोणी नाही, फडावर न्यावे तर कोपीला दार नाही, म्हणून तिचेही लग्न लवकर होते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रीय स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दाखविले. बीड जिल्ह्यात हा आकडा चाळीसच्या वर गेला होता. सतरा वर्षांची ही मुलगी पोटात मूल घेऊन मोळी उचलते. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून तपासणीला जायचे ती टाळते. मूल कमी वजनाचे जन्मते. आई पहाटे तीन-चारला फडात जाते तेव्हा ते मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या किंवा नणंदेच्या काखेत दिले जाते, आणि तिची शाळा तेथेच संपते. बाईच्या आजारपणाने खाडे पडू नयेत म्हणून गर्भाशयच काढून टाकण्यापर्यंत गोष्टी गेल्या. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऐंशी हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

कर्ज, बालविवाह, कोवळ्या वयातील बाळंतपण, बाळाचे वजन, बहिणीची सुटलेली शाळा, ही एकाच साखळीची कडी आहेत. शासनाच्या दप्तरात मात्र ती पाच ठिकाणी विभागलेली आहेत. उचल कामगार खात्याकडे जाते, आणि तेथेही ती मुकादमाचा 'खासगी व्यवहार' ठरते. बालविवाह ग्रामसेवकाकडे, कारण प्रतिबंधक अधिकारी तो. गरोदरपण आरोग्य खात्याकडे, वजन महिला व बालविकासाकडे, शाळा शिक्षण खात्याकडे. प्रत्येक खाते आपल्या वाट्याची कडी पाहते आणि ती तुटलेली आढळली तर शेजारच्या खात्याकडे बोट दाखविते. मूल तीव्र कुपोषित ठरल्यावर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याची सोय आहे. ती हवीच. पण तेथे आईने पंधरा दिवस मुलाजवळ राहायचे तर फडावरचा कोयता अर्धा होतो, आणि मुकादमाच्या वहीत त्याचे खाडे चढतात. आई दोन दिवसांत मूल घेऊन परत येते तेव्हा कागदावर 'पालकांचे असहकार्य' असे लिहिले जाते. असहकार्य नेमके कोणाचे, हे लिहिण्यासाठी त्या कागदावर रकाना नाही.

'जोखमीतील कुटुंबे' हा शब्दप्रयोग अलीकडे कार्यशाळांतून फार ऐकू येतो. जणू जोखीम हा त्या कुटुंबांचा अंगभूत दोष आहे, कावीळ झाल्यासारखा! ही जोखीम ज्यांच्या व्यवहारातून निपजते त्यांचे नाव मात्र त्या प्रयोगात नसते. दुसराही एक धोका आहे. अशा कुटुंबांच्या याद्या करायच्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायचे, आणि प्रसंगी मूलच उचलून संस्थेत टाकायचे, याला काही लोक लवकर हस्तक्षेप समजतात. पारधी वस्तीतील किंवा पुलाखाली राहणाऱ्या आईला सरकारी गाडी दिसताच पोरासह पळून जावेसे वाटते, ते याच अनुभवाने. २०१५ चा बालन्याय कायदा संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. लवकर मदत म्हणजे मुलाला कुटुंबापासून लवकर तोडणे नव्हे. कुटुंब मोडण्याआधी त्याच्या हाताला हात देणे, हा तिचा अर्थ आहे.

हे कसे करावे याची उदाहरणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढविले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार तेथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्यापर्यंत त्या गेल्या. मूल का येत नाही याचा शोध त्यांनी मुलाच्या दिनक्रमात घेतला, त्याच्या पालकांच्या अडाणीपणात नव्हे. १९६९ साली मीरा महादेवन यांना दिल्लीत बांधकामाच्या जागी धुळीत पडलेली मजुरांची मुले दिसली आणि त्यांनी तेथेच तंबूत पाळणाघर उघडले. त्यातून उभी राहिलेली 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था इमारत पुरी होईपर्यंत त्या जागी राहायची आणि मजूर हलले की त्यांच्यामागे नव्या जागी जायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे देशभर आशा कार्यकर्तींच्या कामात ती पद्धत आली.

ही तिन्ही कामे वेगवेगळ्या काळातील, वेगळ्या माणसांची आहेत. परंतु प्रत्येक ठिकाणी मुलाच्या जवळ एक ओळखीचे माणूस होते. त्याला कुटुंबाची नड माहीत होती आणि त्याच्या मागे एक यंत्रणा उभी होती. डॉक्टर, शिक्षक, संस्था, शासन यांचे सहकार्य त्या माणसाच्या हातून मुलापर्यंत पोचत होते. असे माणूस नसेल तर दहा खात्यांचे सहकार्य म्हणजे दहा सह्यांचा कागद. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने १९९९ पासून 'शुअर स्टार्ट' या नावाने गरीब वस्त्यांत आरोग्य, बालसंगोपन, पालकांना रोजगाराचा सल्ला या सर्वांसाठी एकच दार उघडले होते. २०१० नंतरच्या काटकसरीत त्या केंद्रांचा निधी छाटला गेला आणि शेकडो केंद्रे बंद पडली. ज्या मुलांना पाच वर्षांच्या आत ती केंद्रे जवळ लाभली ती सोळाव्या वर्षी परीक्षेत सरस ठरली, आणि गरीब घरच्या मुलांना त्याचा लाभ सर्वांत अधिक झाला, असे तेथील अर्थशास्त्रीय संशोधन संस्थेने २०२४ साली दाखवून दिले. बालकांवरील खर्चाचे फळ निवडणुकीच्या मुदतीत दिसत नाही, ही सर्वच देशांतील अडचण आहे.

महाराष्ट्रात ते 'ओळखीचे माणूस' होऊ शकेल अशी व्यक्ती अंगणवाडी सेविका हीच. आणि तिच्याशी शासन कसे वागले? तिच्या कामाला काम म्हणायचे नाही, सेवा म्हणायचे. वेतन म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. २०१८ साली तिच्यावर अत्यावश्यक सेवा कायदा लावण्याचा आदेश निघाला, आणि विरोध झाल्यावर तो स्थगित करावा लागला. संप करायचा म्हटला की ती अत्यावश्यक, पगार मागायचा म्हटला की मानसेवी! २०२१ साली निकामी झालेले सरकारी मोबाइल संच सेविकांनी शासनाला परत केले, कारण नोंदी भरण्याची सक्ती होती आणि नोंदी भरण्याचे साधन मोडके होते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांचा उपदानाचा हक्क मान्य केला. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांना पन्नासहून अधिक दिवस संपावर राहावे लागले. अशा बाईकडून गावच्या साऱ्या यंत्रणांना जोडणारा दुवा होण्याची अपेक्षा करायची, आणि शिक्षकाला किंवा डॉक्टरला 'या' म्हणण्याचा अधिकार मात्र तिला द्यायचा नाही, असा हा सारा कारभार आहे.

कायद्याचा आधारही येथे पातळ आहे. घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या शिक्षणाची गोष्ट होती. सहा वर्षांखालील मूल त्यातून वगळलेले नव्हते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतील मुलाला राज्याच्या 'प्रयत्नां'वर सोडले. पुढच्या योजना त्याच रेषेवर दुभंगल्या. हंगामी वसतिगृहे शाळकरी मुलांसाठी, संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहेही शाळकरी मुलांसाठी. ती आवश्यक आहेत. पण दूध पिणारे मूल वसतिगृहात राहत नाही, ते आईबरोबर फडावरच जाते. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये असे सांगितले होते की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळावी. कारखान्याभोवतालच्या कोप्यांच्या तळावर चाळीस मुले सहज भरतात. मात्र तीन महिने म्हणजे निम्मा हंगाम.

म्हणून मागणी नेमकी करावी लागेल. कोप्यांच्या प्रत्येक मोठ्या तळावर गाळपाच्या पहिल्या दिवसापासून अंगणवाडी-पाळणाघर उघडले पाहिजे, आणि ते फडाच्या वेळेप्रमाणे उघडले पाहिजे. पहाटे चारला आई गेलेली असताना सकाळी दहाला उघडणारी अंगणवाडी तिच्या काय कामाची? तेथे मुले सांभाळणाऱ्या दोघी-तिघी ऊसतोड कुटुंबांतल्याच असाव्यात आणि त्यांना कोयत्याइतकी तरी मजुरी मिळावी. म्हणजे मुलाला भाषा ओळखीची, माणूस ओळखीचे. बेळगावकडच्या फडावर तर याखेरीज दुसरा मार्गच नाही, कारण तेथली अंगणवाडी कानडी बोलते. गावची सेविका आणि तळावरची सेविका यांच्यामध्ये मुलाचे एकच कार्ड असावे: लस, वजन, आजार, आईचे गरोदरपण. पोषणाच्या संगणकीय नोंदींत स्थलांतरिताचे नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वळविण्याची सोय आहे. परंतु नाव वळते, मूल कोठे आहे ते कळत नाही, कारण कोणती टोळी कोणत्या गावच्या शिवारात उतरली हे अंगणवाडीला कोणी सांगत नाही.

कारखान्याला मात्र ते माहीत असते. कोणत्या टोळीची गाडी किती वाजता काट्यावर आली आणि तिच्यात किती टन ऊस होता, याचा हिशेब कारखान्याकडे किलोपर्यंत चोख असतो. त्या टोळीबरोबर सहा वर्षांखालील किती मुले आहेत, हा आकडा त्याच कागदावर लिहिणे अवघड नाही. दरवर्षी गाळपाचा परवाना साखर आयुक्तालय देते. मुलांची यादी आणि पाळणाघराची जागा दाखविल्याशिवाय तो परवाना मिळणार नाही, ही एक अट घातली तर समन्वयाच्या शंभर बैठकांचे काम होईल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे केले होते. ऊसतोडीची बाई कारखान्याच्या भिंतीबाहेर राबते, एवढ्याच कारणाने ती त्यातून सुटली.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. सहकारी कारखाने कर्जात आहेत हेही सांगितले जाईल आणि त्यात तथ्य आहे. पण १९६९ च्या माथाडी कायद्याने या राज्यात एक वाट घालून दिलेली आहे. मालाच्या हाताळणीवर लेव्ही, ती मंडळाकडे, आणि मंडळाकडून विखुरलेल्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी व दवाखाना. ऊसतोड महामंडळासाठीही टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकेच शासनाने द्यावेत, असे ठरलेच आहे. या निधीतला निश्चित वाटा सहा वर्षांखालील मुलांसाठी राखून ठेवावा, आणि तो महामंडळाच्या मर्जीवर न राहता तळावरच्या पाळणाघराला परस्पर मिळावा.

स्वयंसेवी संस्थांचे स्थान येथे कोठे, याचाही निकाल लावला पाहिजे. त्यांच्या कार्यकर्त्यांनी फडावर जाऊन जे पाहिले ते कोणत्याही आयोगाने पाहिले नाही. पाळणाघर चालविण्याची, सेविका शिकविण्याची हातोटीही त्यांच्याजवळ आहे. पण देणगीदाराचा प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि मुलाचे बालपण सहा वर्षांचे. संस्था आली की शासन हात झटकते, संस्था गेली की पाळणाघराचे पत्रे उडून जातात. त्यांनी शिकवावे, तपासावे, टोचणी लावावी. चालविण्याची आणि जाब देण्याची जबाबदारी शासनाची व कारखान्याची राहिली पाहिजे.

शेवटी डाव्या आणि समाजवादी संघटनांकडे वळावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला आणि तो तीन हंगामांसाठी होता. त्यामागे मोठा लढा होता. परंतु त्या वाटाघाटींत भांडण झाले ते टनाच्या दराचे आणि मुकादमाच्या कमिशनाचे. मूल मागणीपत्रकाच्या तळाशी गेले, कारण संघटनांच्या व्यासपीठावर बसणारे बहुतेक पुरुष आहेत आणि मूल सांभाळणे ही त्यांच्या लेखी बाईची घरची बाब आहे. अंगणवाडी सेविकांची संघटना एका झेंड्याखाली, आशांची दुसऱ्या, ऊसतोड कामगारांची तिसऱ्या. शासनाच्या खात्यांना समन्वय शिकविण्यापूर्वी या तीन संघटनांनी एका सतरंजीवर बसून एक मागणीपत्रक लिहिले तर बरे होईल. सेविकेच्या वेतनाची मागणी ऊसतोड कामगाराने उचलावी, आणि तळावरच्या पाळणाघराची मागणी सेविकेने.

या कामाला मुहूर्तही ठरलेला आहे. मुकादम दसऱ्याला येत नाही. तो पावसाळ्यात, घरात दाणा नसताना येतो आणि उचल देऊन अंगठे घेऊन जातो. ज्या गावांत पक्षाची शाखा किंवा सेवा दलाचे कलापथक आहे, तेथे त्याच दिवसांत सेविका, आशा आणि शिक्षक यांना बरोबर घेऊन घरोघरची यादी व्हावी: कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाबरोबर, किती लहान मुले, कोण बाई पोटुशी. ती ग्रामसभेत वाचली जावी आणि तिची एक प्रत त्या त्या कारखान्याच्या तालुक्यातील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे आणि तेथल्या आपल्या कार्यकर्त्याकडे टोळी निघण्याआधी पोचावी. म्हणजे करवीर किंवा वाळवा तालुक्यातल्या कार्यकर्त्याला मोळी टाकताच कोपीशी जाऊन विचारता येईल, यादीतले सातवे नाव कोठे आहे.